अवकलजाच्या साहाय्याने स्पर्शिकेचे समीकरण कसे काढावे

सरळ रेषेचे समीकरण लिहिण्यासाठी दोनच गोष्टी पुरतात : रेषेवरील एक बिंदू आणि रेषेचा चढ. स्पर्शिका ही सरळ रेषाच असल्यामुळे तिच्यासाठीही याहून अधिक काही लागत नाही. बिंदू वक्राकडून मिळतो आणि चढ अवकलजाकडून. पद्धत एवढी छोटी असूनही तिच्यावरील उदाहरणे वारंवार चुकतात, आणि माझ्या मते त्याचे कारण अवकलनाच्या नियमांत क्वचितच असते. बहुतेक वेळा स्पर्शबिंदू नेमका कोणता, हे ठरण्यापूर्वीच आकडेमोड सुरू झालेली असते. म्हणून पुढील प्रत्येक प्रकारात आधी तोच प्रश्न विचारला आहे, आणि वाचकांनीही उदाहरण हाती घेताच तो स्वतःला विचारावा, असा माझा आग्रह आहे.

या लेखात आडव्या निर्देशकासाठी क्ष, उभ्या निर्देशकासाठी य, फलनासाठी, म्हणजे फंक्शनसाठी, फ(क्ष) आणि त्याच्या अवकलजासाठी, म्हणजे डेरिव्हेटिव्हसाठी, फ′(क्ष) ही चिन्हे वापरली आहेत. स्पर्शबिंदूच्या क्ष-निर्देशकाला अ म्हटले आहे, त्यामुळे स्पर्शबिंदू (अ, फ(अ)) असा लिहिला जाईल.

चढ कोठून येतो

शाळेत आपण स्पर्शिका प्रथम वर्तुळाच्या संदर्भात शिकतो. वर्तुळाला भेटणारी, पण कितीही वाढवली तरी त्याला न छेदणारी रेषा म्हणजे स्पर्शिका, ही युक्लिडची व्याख्या वर्तुळापुरती निर्दोष आहे. इतर वक्रांसाठी मात्र ती पुरी पडत नाही. य = क्ष² या अन्वस्ताला क्ष = १ ही उभी रेषा एकाच बिंदूत भेटते, तरीही ती स्पर्शिका नाही, कारण ती वक्राच्या आरपार जाते आणि त्या बिंदूपाशी वक्र ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेशी तिचा काही संबंध नाही. उलट, खरी स्पर्शिका वक्राला दूर कोठेतरी पुन्हा छेदू शकते, इतकेच नव्हे तर काही वेळा स्पर्शबिंदूतच त्याला ओलांडूनही जाते. तेव्हा ‘एकाच बिंदूत भेटणारी रेषा’ ही कल्पना सोडून ‘त्या बिंदूपाशी वक्राची जी दिशा, तीच दिशा असलेली रेषा’ ही कल्पना धरावी लागते.

ही दिशा मोजण्याचा मार्ग छेदिकेतून जातो. वक्रावर (अ, फ(अ)) या बिंदूशेजारी थोड्या अंतरावर (अ + ह, फ(अ + ह)) हा दुसरा बिंदू घ्यावा. या दोन बिंदूंना जोडणाऱ्या छेदिकेचा चढ असा येतो :

[फ(अ + ह) − फ(अ)] ÷ ह

आता ह शून्याच्या जवळ नेत गेल्यास दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकतो आणि छेदिकेचा चढ एका निश्चित संख्येकडे झुकतो. ती सीमा म्हणजेच फ′(अ), आणि तोच स्पर्शिकेचा चढ.

हे केवळ वाचून न सोडता एकदा हाताने करून पाहावे. फ(क्ष) = क्ष³ − ३क्ष + १ हे फलन आणि अ = २ हे मूल्य घेऊ. छेदिकेच्या चढाचे सूत्र विस्तारून सोपे केल्यावर ९ + ६ह + ह² एवढेच उरते. ह = १ असताना चढ १६ येतो, ह = ०.१ असताना ९.६१ आणि ह = ०.०१ असताना ९.०६०१. डाव्या बाजूने येऊन ह = −०.१ घेतले तर ८.४१ मिळतो. दोन्ही बाजूंनी सर्व संख्या ९ कडेच झुकतात, म्हणून (२, ३) या बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ ९ आहे. अवकलनाचे नियम हेच काम एका ओळीत करतात, पण ते नियम कशाचा संक्षेप आहेत हे ठाऊक असले, तर पुढे अवकलज जेथे अस्तित्वातच नसतो अशा जागी गोंधळ होत नाही.

स्पर्शिकेचा प्रश्न हा अवकलनाचा एक किरकोळ उपयोग आहे असे समजू नये. सतराव्या शतकात फर्मा आणि देकार्त या दोन फ्रेंच गणितज्ञांनी वक्राच्या स्पर्शिका काढण्याच्या स्वतंत्र रीती शोधल्या होत्या, आणि जर्मन गणितज्ञ लाइबनिट्स यांनी १६८४ साली अवकलनावरचा आपला पहिला निबंध छापला तेव्हा त्याच्या शीर्षकातच महत्तम व लघुतम मूल्यांबरोबर स्पर्शिकांचा उल्लेख होता. अवकलज ही कल्पना ज्या प्रश्नांतून घडली, त्यांपैकी हा एक मुख्य प्रश्न आहे.

मूळ पद्धत

स्पर्शबिंदूचा क्ष-निर्देशक दिलेला असेल, तर काम सरळ असते. प्रथम अ हे मूल्य मूळ फलनात ठेवून फ(अ) काढावे. त्यामुळे स्पर्शबिंदू पूर्ण होतो. मग फलनाचा अवकलज काढून त्यात अ ठेवावा आणि फ′(अ) ही संख्या मिळवावी. शेवटी या दोन्ही गोष्टी रेषेच्या बिंदू-चढ रूपात भराव्यात :

य − फ(अ) = फ′(अ) · (क्ष − अ)

वरचेच फलन घेऊ. स्पर्शबिंदू कोणता? क्ष = २ दिलेले आहे, म्हणून फ(२) = ८ − ६ + १ = ३ आणि स्पर्शबिंदू (२, ३). अवकलज फ′(क्ष) = ३क्ष² − ३, त्यामुळे फ′(२) = १२ − ३ = ९, जो छेदिकांच्या आकड्यांशी जुळतो. स्पर्शिकेचे समीकरण य − ३ = ९(क्ष − २), म्हणजे य = ९क्ष − १५.

येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण म्हणजे अवकलजात अ हे मूल्य न ठेवताच पुढे जाणे. य − ३ = (३क्ष² − ३)(क्ष − २) असे लिहिले तर ते रेषेचे समीकरण राहतच नाही, कारण उजवी बाजू त्रिघाती होते. फ′(क्ष) हे प्रत्येक बिंदूपाशी चढ सांगणारे सूत्र आहे, तर फ′(अ) ही एका बिंदूपाशीच्या चढाची संख्या आहे, आणि रेषेच्या समीकरणात जागा आहे ती संख्येला. दुसरे ठिकाण म्हणजे य-निर्देशक अवकलजातून काढणे. बिंदू वक्रावर आहे, म्हणून त्याची उंची मूळ फलनच सांगते. अवकलज उंचीविषयी काहीही सांगत नाही. माझे मत असे की फ(अ) आणि फ′(अ) ही दोन मूल्ये नेहमी दोन वेगळ्या ओळींवर, नावासह लिहावीत. त्यात थोडी जागा जाते, पण ही अदलाबदल पूर्णपणे थांबते.

त्याच बिंदूत स्पर्शिकेला लंब असणारी रेषा, म्हणजे अभिलंब, हवा असेल तर वेगळे अवकलन करावे लागत नाही. स्पर्शिकेचा चढ ९ असल्यामुळे अभिलंबाचा चढ −१/९ आहे, आणि य − ३ = −(१/९)(क्ष − २) यावरून क्ष + ९य = २९ हे समीकरण मिळते. स्पर्शिकेचा चढ शून्य असेल तर मात्र हा व्यस्त घेता येत नाही; तेथे अभिलंब ही क्ष = अ ही उभी रेषा असते.

उत्तराचा ताळा

बहुपदी फलनांसाठी ताळा पाहण्याची एक सुंदर रीत आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही याचे मला वाईट वाटते. वक्राच्या समीकरणातून स्पर्शिकेचे समीकरण वजा करावे. येणाऱ्या बहुपदीला (क्ष − अ) या अवयवाने दोनदा भाग गेला पाहिजे. आपल्या उदाहरणात

(क्ष³ − ३क्ष + १) − (९क्ष − १५) = क्ष³ − १२क्ष + १६ = (क्ष − २)²(क्ष + ४)

(क्ष − २) हा अवयव दोनदा आला, म्हणजे रेषा वक्राला त्या बिंदूत नुसती भेटत नाही, तर स्पर्श करते. हा अवयव एकदाच आला असता, तर बिंदू बरोबर पण चढ चुकीचा, असे निदान लगेच झाले असते. शिवाय उरलेला अवयव (क्ष + ४) आणखी एक माहिती देतो : हीच रेषा वक्राला क्ष = −४ येथे, म्हणजे (−४, −५१) या बिंदूत, पुन्हा छेदते. ‘स्पर्शिका वक्राला दुसरीकडे छेदत नाही’ हा समज दूर करण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा नको.

याच वक्रावर क्ष = ० घेतल्यास फ(०) = १ आणि फ′(०) = −३, म्हणून स्पर्शिका य = −३क्ष + १. येथे वजाबाकी केल्यावर नुसते क्ष³ उरते. म्हणजे (क्ष − ०) हा अवयव तीनदा आला, आणि क्ष³ चे चिन्ह शून्यापाशी बदलत असल्यामुळे वक्र स्पर्शबिंदूतच रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. तरीही ती पूर्णपणे वैध स्पर्शिका आहे.

स्पर्शबिंदू दिलेला नसतो तेव्हा

खरी परीक्षा येथून पुढे असते. प्रश्नात कधी चढ दिलेला असतो, कधी रेषा ज्यातून जाते असा एखादा बिंदू दिलेला असतो, आणि स्पर्शबिंदू आपण शोधायचा असतो. अशा वेळी अ ला अज्ञात ठेवूनच पुढे जावे आणि दिलेल्या अटीवरून अ साठी समीकरण तयार करावे.

चढाची अट सोपी असते. य = क्ष³ − ३क्ष + १ या वक्राच्या, य = ९क्ष + ४ या रेषेला समांतर असणाऱ्या स्पर्शिका काढायच्या आहेत असे समजू. समांतर रेषांचे चढ समान असतात, म्हणून ३अ² − ३ = ९, यावरून अ² = ४, आणि अ = २ किंवा अ = −२. पहिल्या मूल्याची स्पर्शिका य = ९क्ष − १५ आपण काढलेलीच आहे. दुसऱ्यासाठी फ(−२) = −८ + ६ + १ = −१, म्हणून य + १ = ९(क्ष + २), म्हणजे य = ९क्ष + १७. वर्गमूळ घेताना ऋण मूल्य विसरले की अर्धे उत्तर हरवते, ही गोष्ट येथे विशेष जपावी. आडव्या स्पर्शिका हव्या असतील तर हीच कृती चढ शून्य घेऊन करावी; या वक्रासाठी अ = १ आणि अ = −१ मिळतात आणि स्पर्शिका य = −१ व य = ३ अशा येतात.

बाहेरच्या बिंदूतून जाणाऱ्या स्पर्शिकेचे उदाहरण अन्वस्तावर घेऊ. वक्र य = क्ष² आहे आणि स्पर्शिका (१, −३) या बिंदूतून गेली पाहिजे. क्ष = १ असताना वक्रावरील उंची १ असते, −३ नव्हे; म्हणजे दिलेला बिंदू वक्रावर नाही. त्यामुळे क्ष = १ हे मूल्य अवकलजात ठेवून चढ २ आहे असे म्हणणे निरर्थक ठरते. स्पर्शबिंदू (अ, अ²) मानावा; तेथे चढ २अ आहे, आणि स्पर्शिका य − अ² = २अ(क्ष − अ). ही रेषा (१, −३) मधून जाते, म्हणून क्ष च्या जागी १ आणि य च्या जागी −३ ठेवावे :

−३ − अ² = २अ(१ − अ)

हे सोडवल्यावर अ² − २अ − ३ = ० हे वर्गसमीकरण मिळते, ज्याची मुळे अ = ३ आणि अ = −१ आहेत. स्पर्शिका अनुक्रमे य = ६क्ष − ९ आणि य = −२क्ष − १. दोन्हींत क्ष = १ ठेवून पाहिल्यास य = −३ येते, म्हणजे दोन्ही उत्तरे अट पाळतात. हाच प्रश्न (१, ३) या बिंदूसाठी विचारला, तर अ² − २अ + ३ = ० असे समीकरण येते आणि त्याचा विवेचक −८ असल्यामुळे वास्तव मूळ मिळत नाही. बिंदू अन्वस्ताच्या आतल्या बाजूस आहे आणि तेथून एकही स्पर्शिका निघत नाही. समीकरणाने ते स्वतःच सांगितले.

आता एक सूक्ष्म प्रकार, ज्यात चांगले विद्यार्थीही फसतात. दिलेला बिंदू वक्रावर असला, तरी तोच स्पर्शबिंदू असेल असे नाही. य = क्ष³ − ३क्ष + १ या वक्राची (२, ३) या बिंदूपाशी असणारी स्पर्शिका एकच आहे. पण त्याच वक्राच्या (२, ३) या बिंदूतून जाणाऱ्या सर्व स्पर्शिका विचारल्या, तर स्पर्शबिंदू पुन्हा अज्ञात होतो. (अ, फ(अ)) येथील स्पर्शिका (२, ३) मधून जाण्याची अट अशी लिहिली जाते :

३ − (अ³ − ३अ + १) = (३अ² − ३)(२ − अ)

हे सोपे करून अवयव पाडल्यावर २(अ − २)²(अ + १) = ० मिळते. म्हणजे अ = २ शिवाय अ = −१ हेही उत्तर आहे. अ = −१ येथे चढ शून्य आणि उंची ३, म्हणून य = ३ ही आडवी रेषा वक्राला (−१, ३) येथे स्पर्श करते आणि पुढे जाऊन (२, ३) मध्ये त्याला छेदते. प्रश्न ‘बिंदूपाशी’ म्हणतो की ‘बिंदूतून’ म्हणतो, यावर उत्तरांची संख्या अवलंबून असते, म्हणून तो शब्द दोनदा वाचावा.

य सुटा करता येत नसेल तर

काही वक्रांच्या समीकरणात क्ष आणि य एकमेकांत गुंतलेले असतात. क्ष² + य² = २५ या वर्तुळावरील (३, ४) हा बिंदू घेऊ. य हे क्ष चे फलन आहे असे मानून दोन्ही बाजूंचे अवकलन केल्यास २क्ष + २य·य′ = ० (येथे य′ म्हणजे य चा अवकलज), म्हणून य′ = −क्ष/य, आणि (३, ४) येथे चढ −३/४. समीकरण ३क्ष + ४य = २५ असे येते. केंद्राकडून आलेल्या त्रिज्येचा चढ ४/३ आहे आणि दोन्ही चढांचा गुणाकार −१ होतो, म्हणजे स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हा भूमितीतील सिद्धांत येथे आपोआप जुळतो.

याहून कठीण उदाहरण देकार्तच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्राचे आहे, जो त्यांनी १६३८ च्या सुमारास फर्मांच्या रीतीची परीक्षा घेण्यासाठी पुढे केला होता. त्याचे एक रूप क्ष³ + य³ = ६क्षय असे आहे. (३, ३) हा बिंदू वक्रावर आहे, कारण दोन्ही बाजू ५४ होतात. ही खात्री आधी करावीच. अवकलन करताना उजव्या बाजूला गुणाकाराचा नियम लागतो :

३क्ष² + ३य²·य′ = ६य + ६क्ष·य′

येथूनच य′ सुटा करण्याच्या खटाटोपात न पडता आकडे आताच ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते. २७ + २७य′ = १८ + १८य′, म्हणून य′ = −१, आणि स्पर्शिका क्ष + य = ६. याच वक्रावर (०, ०) हा बिंदू घेतला, तर समीकरण ० = ० होते आणि चढ कळत नाही. वक्र त्या बिंदूत स्वतःलाच छेदत असल्यामुळे तेथे एकच एक दिशा नसते, आणि ही पद्धत तेथे थांबते.

जेथे अवकलज नसतो

अवकलज अस्तित्वात नसण्याची दोन कारणे वेगवेगळी ओळखली पाहिजेत. क्ष चे केवल मूल्य घेणाऱ्या फलनाला शून्यापाशी टोक असते. डावीकडून छेदिकांचा चढ −१ आणि उजवीकडून १ राहतो, दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तेथे स्पर्शिका नाही. क्ष चे घनमूळ घेणाऱ्या फलनाची गोष्ट निराळी आहे. शून्यापाशी त्याच्या छेदिकांचा चढ दोन्ही बाजूंनी अमर्याद वाढत जातो, म्हणजे छेदिका अधिकाधिक उभ्या होतात. तेथे स्पर्शिका आहे, पण ती क्ष = ० ही उभी रेषा असून तिला चढ नसल्यामुळे बिंदू-चढ रूपात लिहिता येत नाही.

त्रिकोणमितीय फलनांच्या बाबतीत कोन रेडियनमध्येच घ्यावा. साइनचा अवकलज कोसाइन असतो, हे विधान केवळ रेडियनसाठी खरे आहे. अंशांत मोजल्यास त्यात पाय/१८० हा गुणक येतो आणि चढ पूर्णपणे बदलतो. साइन वक्राची क्ष = पाय/६ येथील स्पर्शिका य − १/२ = (√३/२)(क्ष − पाय/६) अशी लिहावी आणि तेथे ३० हा आकडा कोठेही येऊ देऊ नये.

स्पर्शिकेचा एक उपयोग

स्पर्शबिंदूच्या जवळ वक्र आणि स्पर्शिका यांत फारच थोडा फरक असतो, म्हणून अवघड फलनाचे मूल्य स्पर्शिकेवरून अंदाजता येते. य = √क्ष या वक्रावर क्ष = ९ येथे उंची ३ आहे. अवकलज १/(२√क्ष) असल्यामुळे चढ १/६ येतो, आणि स्पर्शिका य = क्ष/६ + ३/२. आता ९.१२ चे वर्गमूळ हवे असेल, तर ३ मध्ये ०.१२ चा सहावा भाग मिळवावा : ३.०२. या संख्येचा वर्ग ९.१२०४ आहे, म्हणजे कागदावरच्या एका भागाकारात उत्तर तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत बरोबर आले.

मात्र हा अंदाज जवळच्याच मूल्यांसाठी वापरावा. वर्गमुळाचा वक्र आपल्या स्पर्शिकेच्या खालीच राहतो, त्यामुळे येथे अंदाज नेहमी खऱ्या मूल्यापेक्षा थोडा जास्त येतो, आणि अंतराबरोबर ही तफावत वाढत जाते. क्ष = १६ येथे हीच स्पर्शिका ४ ऐवजी सुमारे ४.१७ सांगते. तेथे अंदाज हवा असल्यास क्ष = १६ हाच नवा स्पर्शबिंदू घेऊन य = क्ष/८ + २ ही नवी स्पर्शिका काढावी.